सात ओळी

सुडलैमणी गेले
हे वेदवल्लीने मला जिन्यात सांगितलं.
हातात दुधाची पिशवी, कोपऱ्यातून गळणारी,
आणि ती म्हणाली, "आपला लेखक मेली गं."

एकवीस वर्षं नेरूळमध्ये राहून
तिचं मराठी तसंच राहिलं.
नदी आला. पाऊस गेली. आई रडला.
पहिल्यांदा हसले असेन मी, नंतर नाही.

रविवारी सेक्टर अठरामधल्या सोसायटीच्या हॉलात
चौदा माणसं जमली.
टेबल टेनिसचं टेबल भिंतीला उभं करून
त्याला टेकवला होता फोटो,
मोठा करताना धुरकटलेला,
जाड चष्मा, कानावर आलेले केस.
तुर्भ्याच्या मसाला मार्केटातले हिशेबनीस होते,
त्यांच्या पुस्तकालाही मिरचीचा ठसका.
बेलापूरच्या बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ.
घणसोलीहून आलेला इडलीच्या गाडीवरचा पोरगा,
मनगटावर पीठ वाळलेलं.
सगळे तमिळमध्ये बोलत होते,
मधेच गहिवरत, मधेच एकदम हसत,
आणि मी सगळ्यांच्या मागून,
अर्धा श्वास उशिरा, हसत होते.

मला तमिळचं एक अक्षर येत नाही.
तरी त्यांच्या नऊ गोष्टी माझ्या आहेत.
दुपारी दोन ते चार
मी गिऱ्हाइकांच्या साड्यांना फॉल लावायची,
वेदवल्ली पलंगाच्या कडेला बसून
तमिळ पुस्तकात बघत मराठीत वाचायची.
अडली की हवेत हात हलवायची,
शब्द मी द्यायची.
मिठागर. दंताळं. पोटरीएवढं पाणी.

त्यातली पेच्चियम्माळ, तुतिकोरिनच्या मिठागरातली.
मुलगा भांडून मुंबईला निघून गेलेला,
ती मीठ ओढते, तळपायांच्या चिरांत मीठ,
आणि वाट बघते असं कुठेही म्हणत नाही.
शेवटी तो येतो,
भर उन्हात, काळी छत्री घेऊन,
काही न बोलता तिच्या डोक्यावर धरतो.
"छत्री उघडला," वेदवल्लीने वाचलं,
"आणि आई रडला."
आमच्या पुष्कराजला जाऊन तेव्हा
चार महिने झाले होते.
सुई बोटात गेली. मी सुईला शिवी दिली.

हॉलात म्हणाले, ताई, तुम्हीही दोन शब्द बोला.
मी छत्रीबद्दल बोलले.
माना एकमेकींकडे वळल्या.
बेलापूरचे गृहस्थ चष्मा पुसत
हळू, नीट मराठीत म्हणाले,
"तो येत नाही हो.
पत्र येतं. तिला वाचता येत नाही.
ती त्याची घडी करून
डगमगत्या स्टुलाच्या पायाखाली सरकवते. संपलं."
मग त्यांनाच कसंतरी झालं असावं.
"दुसरी गोष्ट असेल कदाचित. पुष्कळ लिहिलंय त्यांनी."

मी वेदवल्लीकडे पाहिलं.
ती पंख्याकडे बघत होती.
मग उठून कॉफी वाटायला लागली.
माझ्या पेल्यात साखर दुप्पट होती.

जिना चढताना तिने सांगितलं नाही,
मी विचारलं नाही.
दाराशी तिने ते पुस्तक माझ्या हातात कोंबलं.
"तू ठेव. माझा डोळा गेली आता."

रात्री उघडलं.
मिठागराची गोष्ट सापडली मला
समासातल्या निळ्या खडूच्या बोटावरून,
बोट माझंच.
शेवटचं पान.
वर सात ओळी, खाली सगळा कोरा कागद.

मी पुन्हा मोजल्या. सातच.

आणि मला तर स्वच्छ आठवतंय,
त्या पानावर ती
एका अख्ख्या साडीचा फॉल लावून होईस्तोवर
वाचत होती,
बोट ओळीखाली धरून,
ओळी संपल्यावरही
खाली, आणखी खाली सरकवत.